बाईंचा हात लागल्याशिवाय

बाई पहिल्यांदा माझ्या गाडीत बसल्या तेव्हा स्वतःचा सीटबेल्ट लावायच्या आधी त्यांनी माझा ओढून पाहिला. मी कंपनीत नवा होतो, इथलं लायसन्स नुकतंच हाती पडलं होतं आणि सिनियर मॅडमना घरी सोडायचं म्हणून जरा ऐटीतही होतो. गाडी सुरू करतो तोच शेजारून एक हात आला, माझ्या छातीवरचा पट्टा धरला आणि असा काही हिसका दिला की माझी मान पुढे आली.

"ठीक आहे," बाई म्हणाल्या. "निघा आता."

पुढे कळलं, की "ठीक आहे" याहून मोठं कौतुक बाई कोणाचंच करत नाहीत. मालकांनी त्यांना वार्षिक समारंभात ट्रॉफी दिली, तेव्हाही स्टेजवर त्यांनी ट्रॉफीचा खालचा स्क्रू फिरवून पाहिला आणि मग "ठीक आहे" म्हणाल्या.

आमचं फॅब्रिकेशनचं यार्ड शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात. क्रेनने जो माल उचलायचा त्याचे पट्टे, साखळ्या आणि हुक तपासणं हे बाईंचं काम. आधी कितीतरी वर्षं त्या अबुधाबीच्या मुसफ्फात हेच करत होत्या. त्यांचा हात लागल्याशिवाय एक पाइपसुद्धा जमीन सोडत नसे. हाताखालच्या इन्स्पेक्टरने तपासून सही केलेली असली, तरी बाई येणार, पट्ट्याच्या शिवणीवरून अंगठा फिरवणार आणि मग हिसका देणार. पट्टा खराब निघाला तर तिथल्या तिथे सुरीने कापून दोन तुकडे करणार, म्हणजे कोणी तो कचऱ्यातून उचलून पुन्हा वापरायला नको. क्रेनवाला वर केबिनमध्ये बसून "मॅडम, यल्ला, यल्ला", म्हणजे अरबीत चला-चला, करत राही. बाई मान वर करून म्हणत, "भाई, ऊपर तुम हो. नीचे लोग हैं."

साडी, पायात स्पोर्ट्स शूज, डोक्यावर हेल्मेट आणि खांद्याला एक भली मोठी पर्स, असा त्यांचा अवतार असे. हेल्मेटखाली अंबाड्याला जागा हवी म्हणून त्याच्या आतली पट्टीही त्यांनी आपल्या हाताने बदलून घेतली होती.

हा हिसका यार्डापुरता असता तर एक वेळ चाललं असतं. पण बाई राहायला अल नहदात, आमच्याच टॉवरमध्ये, आमच्या दोन मजले वर. त्यामुळे आमच्या घरातली एकही लोंबकळणारी वस्तू त्यांच्या हातून सुटली नाही. हौसेने टांगलेल्या झोपाळ्यावर त्या बसायच्या आधी स्टूल मागवून चढल्या आणि छताचा हुक हलवून आल्या. भारतात जायला निघालो की त्यांना खाली लॉबीत येऊन आमच्या बॅगांचे पट्टे ओढून पाहिल्याशिवाय चैन पडत नसे. माझी बायको एकदा वैतागून म्हणाली, "माझ्या माहेरच्या माणसांनी लग्न लावताना इतकी चौकशी केली नव्हती."

त्यांच्या घरी गेलात तर हॉलमध्ये सोफ्याच्या जागी एक लाकडी घोडी दिसे आणि त्या घोडीवर चढवलेलं खरं खोगीर. काउबॉय वापरतात तसलं अवजड, कातडी, पुढे धरायला मूठ असलेलं. मुसफ्फात असताना एक अमेरिकन इंजिनियर शहराबाहेर घोडी पाळून होता. चाळिशी उलटल्यावर बाई त्याच्याकडे खोगिरावर बसायला शिकल्या, आणि तो मायदेशी परतताना खोगीर बाईंना देऊन गेला. बाल्कनीत ठेवलं तर उन्हाने आणि दमट हवेने कातडं खराब होईल, म्हणून ते हॉलमध्ये एसीत. घरात कायम फोडणीच्या वासात कातड्याच्या तेलाचा वास मिसळलेला. बाईंचे यजमान भिडस्त आणि कमी बोलणारे. पाहुणे आले की ते खोगिराकडे हात करून म्हणत, "ती जागा रिझर्व्ह्ड आहे, तुम्ही इकडे खुर्चीत बसा."

दर शनिवार-रविवारी ते खोगीर गाडीत घालून बाई धैदच्या रस्त्याला असलेल्या एका तबेल्यावर जात. तिथे बाकी सगळे हलकं, चपटं इंग्लिश खोगीर वापरणारे. बाईंचं हे धूड बघून सुरुवातीला लोक हसत. बाईंची घोडी एक, तिचं नाव सुक्कर. अरबीत सुक्कर म्हणजे साखर, म्हणून बाई तिला साखरबाई म्हणत. साखरबाईंची पाठ पिंपासारखी गोल, खांद्यावर नावाला उंचवटा. अशा पाठीवर खोगीर एका बाजूला कलंडायला वेळ लागत नाही. बाईंना ती घोडी याचसाठी आवडली होती. "हिच्यावर खोगीर नीट बसवता आलं ना, तर जगात कुठेही बसवता येईल," असं त्या सांगत.

आमच्या लेकीने, ईराने, बाईंच्या मागे लागून तबेल्यावर जायला सुरुवात केली तेव्हा ती अकरा वर्षांची होती. जन्म इथला, शाळा इथली, मराठी सगळं समजायचं पण उत्तर इंग्रजीतून. वर्गात कोणी मोठ्याने बोललं तरी बाकाखाली जाईल अशी बुजरी. बाईंनी तिला सांगितलं, "मला आंटी म्हणायचं नाही. बाई म्हणायचं." आणि मग कित्येक आठवडे घोडीवर बसू दिलं नाही. दर वेळी फक्त खोगीर चढवायचं आणि उतरवायचं.

"बाबा, आय केम टू राइड," ईरा परतीच्या वाटेवर फणफणायची. "नॉट टू टाय बेल्ट्स!"

मी मात्र ते बघण्यात रंगून जायचो. आधी हाताने घोडीची पाठ झाडायची, एक काडीसुद्धा राहता कामा नये. मग लोकरीची जाड गादी थोडी पुढे ठेवायची आणि मागे सरकवत जागेवर आणायची, म्हणजे खालचे केस सरळ बसतात. त्यावर खोगीर, त्याच्याही खालच्या बाजूला लोकर. गादी खांद्याशी थोडी वर उचलून आत पोकळी ठेवायची, घोडीला वारा लागायला हवा. मग पोटाखालून दोन पट्टे. घोड्याच्या पोटाखालच्या पट्ट्याला तंग म्हणतात. या खोगिराला पुढे एक आणि मागे एक असे दोन तंग, आणि दोघांना जोडणारी एक छोटी पट्टी, मागचा तंग सरकून घोडीच्या नाजूक जागी लागू नये म्हणून. शेवटी छातीवरून एक पट्टा.

या सगळ्यात बाईंचा एक नियम देवासारखा होता. पुढचा तंग सगळ्यात आधी बांधायचा आणि सगळ्यात शेवटी सोडायचा. ईराने पहिल्या दिवशी उलटं करायला हात घातला तेव्हा बाईंनी तिचं मनगटच धरलं.

"पुढचा आधी सोडलास आणि घोडी हलली, तर खोगीर मागच्या पट्ट्यावर लटकून पोटाखाली जातं," बाई म्हणाल्या. "मग तिला वाटतं, पोटाला कोणी जनावर चिकटलंय. मी मुसफ्फाला पाहिलंय हे. ती घोडी कुंपण मोडून गेली. आणि वर माणूस असताना खोगीर फिरलं तर माणूस कुठे जाईल, सांग."

"अंडर हर फीट," ईरा हळूच म्हणाली.

"हां. म्हणून क्रम चुकायचा नाही."

दुसरी गंमत साखरबाईंची. तंग आवळायला लागलं की त्या पोट फुगवून उभ्या राहत. आपल्याला वाटावं झालं घट्ट, आणि चार पावलं चालल्या की पोट आत आणि पट्टा सैल. "फोटो काढताना आपण पोट आत घेतो, ह्या बाहेर काढतात," बाई म्हणायच्या. त्यामुळे तंग एका दमात आवळायचा नाही. थोडा आवळायचा, घोडी फिरवून आणायची, पुन्हा आवळायचा, आणि बसायच्या आधी आणखी एकदा बघायचा.

सगळं झालं की ईरा म्हणायची, "बाई, डन." आणि बाजूला होऊन जागा करायची. बाई पुढे येऊन तंगाखाली बोटं घालायच्या आणि हिसका द्यायच्या. सुरुवातीला दर वेळी काहीतरी निघायचं. "पुन्हा." मग कमी निघू लागलं. मग काहीच निघेना. पण हिसका काही थांबला नाही. वर्ष गेलं, दुसरं गेलं. ईरा दुडक्या चालीत गोल फिरायला लागली, मैदानात मांडलेल्या पिंपांमधून वळणं घ्यायला लागली, तरी "डन" म्हटल्यावर बाईंचा हात येणार म्हणजे येणार.

एकदा ईराने विचारलंच, "बाई, व्हाय डू यू स्टिल चेक? यू डोन्ट ट्रस्ट मी?"

बाईंना तो प्रश्नच विचित्र वाटला. "विश्वास तुझ्यावर आहे ग. पट्टा माझ्या ओळखीचा नाही."

त्या रात्री जेवताना ईराने आईला सांगितलं, की तिला मेडल नको, स्पर्धाही नको. एक दिवस बाईंनी न तपासता "चढ" म्हणावं, एवढंच हवं. आम्ही दोघं हसलो. आमच्या झोपाळ्याचा हुक दर दिवाळीला तपासणारी बाई असं काही म्हणेल, हे आम्हाला अशक्य वाटत होतं. ईरा मात्र हसली नाही.

मग गुढीपाडवा आला. आमच्या मराठी मंडळाने ठरवलं, की यंदा शोभायात्रा काढायची. इथे रस्त्यावर मिरवणूक काढायची सोय नाही, म्हणून ती बाईंच्या तबेल्याच्या कुंपणाच्या आतच, रीतसर परवानगी घेऊन. ढोलपथक, ग्रंथांची पालखी, आणि सगळ्यांत पुढे नऊवारी नेसून, फेटा बांधून, हातात भगवा ध्वज घेतलेली मुलगी घोड्यावर. मंडळात घोड्यावर बसता येणारी मुलगी एकच होती. तेरा वर्षांच्या ईराने कधी नव्हे ते मराठीत उत्तर दिलं. "हो. मी बसते."

बायकांनी घोडीसाठी झूल शिवायला घेतली. यात माझी बायको आघाडीवर. केशरी सॅटिन, काठाला जर, कोपऱ्यांना गोंडे. आमच्या हॉलमध्ये दोन आठवडे मशिनचा आवाज आणि जमिनीवर जरीचे तुकडे. झूल खरंच देखणी झाली होती. ती अंगाला लावून ईराची आई आरशासमोर उभी राहिली तेव्हा मलाच घोड्याचा हेवा वाटला.

कार्यक्रम शनिवारी संध्याकाळी, ऊन उतरल्यावर. सकाळीच बाईंना मुसफ्फातून तातडीचं बोलावणं आलं. कोणाचीतरी मोठी क्रेन अडली होती. "दुपारपर्यंत येते," म्हणून, खोगीर आमच्याकडे सोपवून त्या कंपनीच्या गाडीने गेल्या, आणि परतताना दुबई-शारजाच्या त्या प्रसिद्ध ट्रॅफिकमध्ये अडकल्या. फोनवर एवढंच म्हणाल्या, "गाड्या हलत नाहीयेत. मी पोहोचेपर्यंत कोणी बसायचं नाही."

इकडे पाहुणे आले. चीफ गेस्ट सूट घालून वाळूत उभे. मंडळाच्या अध्यक्षांची नुसती धावपळ. आम्ही ईराला नेसवून बाहेर आणतो तोवर त्यांनी तबेल्यातल्या सलीमभाईंकडून घोडी तयारही करून घेतली होती. खाली गादी, गादीवर आमची झूल, झुलीवर खोगीर. सगळे वाहवा करत होते, फोटो निघत होते. सलीमभाई मला हळूच म्हणाले, "मैडम को पूछ लेते, सर." अध्यक्ष मध्येच, "अरे मैडम ट्रॅफिक में है! चलो ईरा, बेटा, चढ. यल्ला!"

ईरा घोडीजवळ गेली. तिने खोगिराची मूठ धरली आणि हलकेच बाजूला ढकललं. खोगीर ओल्या ओट्यावरून ताट सरकावं तसं सरकलं.

"इट्स स्लिपिंग," ती म्हणाली.

"मग तंग जरा आवळा ना," अध्यक्ष म्हणाले.

"नो अंकल. टाइट केलं तर तिला दुखेल, आणि तरी फिरेल." ईराचा आवाज बारीक होता, पण हलत नव्हता. "लोकरीवर लोकर पकडते. हे सॅटिन आहे."

एवढ्या लोकांसमोर माझी लेक एवढं लांब वाक्य बोलली हेच मला नवीन होतं. अध्यक्षांनी घड्याळ दाखवलं, चीफ गेस्ट दाखवले, ढोलवाले दाखवले. "हबीबी, फक्त एक राउंड आहे. चालत. काही होत नाही." कोणीतरी मागून म्हणालं, "आजकालच्या मुलांचे नखरे." ईराने कोणाकडेच पाहिलं नाही. तिने आईकडे पाहिलं. दोन आठवडे रात्रीचा दिवस करून शिवलेली झूल होती ती.

माझ्या बायकोने पदर खोचला. "काढ," ती म्हणाली. "मी धरते."

मग तेरा वर्षांच्या त्या मुलीने, नऊवारीचा काष्टा सावरत, सगळ्या मंडळासमोर खोगीर उतरवायला घेतलं. आधी छातीचा पट्टा. मग मागचा तंग. सगळ्यात शेवटी पुढचा. धूड उतरवायला मी हात पुढे केला तर म्हणाली, "बाबा, तुम्ही तिचं तोंड धरा." मी गुपचूप साखरबाईंचा दोर धरून उभा राहिलो. झूल निघाली, माझ्या बायकोने ती झटकून छातीशी धरली.

ईराने पाठ झाडली. गादी पुढे ठेवून मागे ओढली. खोगीर चढवताना तिचा फेटा कपाळावर आला, तिने तो दंडाने मागे सारला. तिचे हात कुठेही घाई करत नव्हते. माझा ऊर भरून आला होता, आणि ते लपवायचीही मला गरज वाटली नाही.

तेवढ्यात माझं लक्ष कुंपणाकडे गेलं. बाई आल्या होत्या. साडी, स्पोर्ट्स शूज, खांद्याला पर्स. मी हात वर करणार तोच त्यांनी मान हलवून मला गप्प केलं. ईरा त्यांच्याकडे पाठ करून उभी होती, तिला पत्ता नव्हता.

अध्यक्ष धावत कुंपणापाशी गेले. "मॅडम, बरं झालं आलात. सांगा तिला. चीफ गेस्ट केव्हाचे उभे आहेत."

"उभे आहेत ना?" बाई म्हणाल्या. "मग चांगलंच आहे. पडलेले नाहीत."

माझ्या बायकोने जवळ येऊन झूल त्यांच्यापुढे धरली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. बाईंनी झुलीच्या काठावरून अंगठा फिरवला, अगदी पट्टा तपासतात तसा. "शिवण ठीक आहे," त्या म्हणाल्या. बायकोला त्याचा अर्थ पुरता ठाऊक होता, ती एकदम हसली. "पालखीवर घाला ही. ग्रंथ घसरले तर उचलता येतात."

दरम्यान ईराने घोडी फिरवून आणली होती. साखरबाईंनी पोट सोडलं, ईराने तंग आणखी आवळला. मागच्या तंगाखालून हात फिरवला, जोडपट्टी पाहिली, पुन्हा पुढच्या तंगाशी आली. मग ती वळली आणि तिला बाई दिसल्या. कुंपणाच्या आत, हातभर अंतरावर.

"बाई, डन," ती म्हणाली, आणि नेहमीसारखी बाजूला सरकून तिने जागा करून दिली.

बाई पुढे आल्या. त्यांचा उजवा हात वर उठला. इतक्या वर्षांची सवय, तो आपोआपच उठला. तो तंगापर्यंत जायच्या आत थांबला. बाईंनी दोन्ही हात पाठीमागे नेले.

"चढ," त्या म्हणाल्या.

ईराला कळायला एक क्षण लागला. मग तिचा चेहरा असा उजळला की तो मला अजून तसाच्या तसा दिसतो. सलीमभाईंनी ध्वज दिला, ती वर चढली, आणि ढोलांवर पहिली टिपरी पडली.

साखरबाईंनी आयुष्यात ढोल ऐकला नव्हता. पहिल्या ठोक्यालाच त्या जागच्या जागी बाजूला उडाल्या. बायकांची किंकाळी, भगवा तिरका, ईराचा एक पाय हवेत. गोल पाठीवरचं ते खोगीर मात्र होतं तिथेच होतं, बोटभरही कलंडलं नाही. ईरा मुठीला धरून सावरली, तिने घोडीच्या मानेवर थापटलं, ध्वज सरळ केला आणि पुढे निघाली. टाळ्यांनी तबेला दणाणला.

त्या वेळी मी बाईंच्या मागे उभा होतो, म्हणून मला दिसलं. त्यांनी पाठीमागे डाव्या हाताने आपलाच उजवा हात मनगटापाशी धरून ठेवला होता. इतका गच्च, की बोटं पांढरी पडली होती. घोडी पूर्ण फेरी मारून शांत होईपर्यंत त्यांनी तो सोडला नाही. ज्यांचा हात कधी कोणी अडवू शकलं नाही, त्या बाईंनी तो माझ्या मुलीसाठी स्वतःच धरून ठेवला होता.

बाई आता निवृत्त होऊन पुण्याला गेल्या. खोगीर ईराकडे ठेवून गेल्या आहेत, आणि आमच्याही हॉलमध्ये आता एक खुर्ची कमी आहे. शोभायात्रेचे फोटो भिंतीवर लागले आहेत. पण मला जास्त आठवते ती त्या दिवसाची परतीची वाट. कंपनीची गाडी गेली होती, म्हणून बाई आमच्याबरोबर निघाल्या. मागे ईराशेजारी बसल्या. फेटा मांडीवर घेऊन दमलेल्या ईराने आपला बेल्ट लावला. बाईंनी तिकडे पाहिलं, आणि शांतपणे खिडकीबाहेर नजर वळवली.

मी गाडी सुरू केली. तेवढ्यात मागून एक हात आला, माझ्या छातीवरचा पट्टा त्याने धरला आणि हिसका दिला.

"सैल आहे," बाई म्हणाल्या. "पुन्हा लावा."